रात्री न भुंकलेला कुत्रा

श्रोतेहो, समजा, आसेगावात एका रात्री कुणाच्या गोठ्यातला बैल नाहीसा झाला. सकाळी पारावर माणसे जमतात. पहिले बोट कुणाकडे वळते? आदल्या दिवशी गावात दिसलेल्या परक्या माणसाकडे! आपल्या मनाची ही खोड रहस्यकथा लिहिणारे पुरेपूर ओळखून असतात.

अमेरिकेच्या एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली पॅरिसमधल्या दोन खुनांची गोष्ट लिहिली. आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ तिथून मानतात. पुढे १८६८ साली विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ इंग्लंडातल्या साप्ताहिकातून क्रमशः निघाली. ऐन मोक्याला प्रकरण थांबले, की वाचक आठवडाभर तळमळायचा. आपल्याला हे नवीन नाही. आख्यान रंगात आले, की कीर्तनकारबुवाही नेमके तिथेच थांबून गजर लावतात!

पण खरी उत्कंठा निराळीच. आर्थर कॉनन डॉइल यांची १८९२ सालची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा घ्या. शर्यतीचा घोडा रातोरात नाहीसा होतो आणि त्याला शिकवणारा माणूस माळावर मेलेला सापडतो. आदल्या संध्याकाळी एक परका तबेल्याशी घुटमळत होता. मेलेल्याच्या हातात त्याचाच गळपट्टा! पोलीस त्याला पकडतात. आपणही म्हणतो, झाले, चोर सापडला.

वास्तविक, डॉइल यांनी दोन गोष्टी आपल्यापुढे उघड्या ठेवलेल्या असतात. राखण करणाऱ्या पोराला मटणाच्या रश्श्यातून अफू दिली होती. अफूची चव मसाल्यात लपली. पण त्या रात्री घरात मसाल्याचे मटण शिजणार, हे परक्याला कसे ठाऊक? शिवाय तबेल्यात कुत्रा होता. घोडा बाहेर नेला, तरी तो भुंकला नाही. राखणीचे कुत्रे कुणावर भुंकत नाही, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे? घोडा नेणारा घरचाच, तो शिकवणाराच होता! घोड्याला लंगडा करायला गेला आणि त्याच्याच लाथेने मेला.

म्हणजे लेखक पुरावा लपवीत नाही, त्याचा अर्थ तेवढा राखून ठेवतो. त्यासाठीच शेरलॉक होम्सबरोबर डॉक्टर वॉटसन असतो. तो आपल्यासारखाच. सारे पाहतो, पण उमगत नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय आणि सोबतीला छोटू, ही जोडी कितीतरी घरांत पोचली.

शिक्षकबंधुभगिनींनो, अशी गोष्ट वर्गात वाचताना मध्येच पुस्तक मिटा आणि मुलांना विचारा, “संशय कुणाचा? आणि पुरावा काय?” या दोन प्रश्नांतले अंतर मुलांना कळले, म्हणजे गोष्टीचे चीज झाले.

आणि मंडळी, गावात कधी काही हरवलेच, तर परक्याकडे बोट दाखवण्याआधी एवढे विचारा: रात्री कुत्रा भुंकला होता का?