शेवटच्या पानाचे शून्य

वाचक संकेतस्थळावर किती वेळ रेंगाळला, हे मोजण्याचा इतिहास मुळात एका उणिवेचा इतिहास आहे. सुरुवातीला सर्व्हरच्या नोंदींत केवळ पान मागितल्याची वेळ उमटे. वाचक निघून गेल्याची नोंद होतच नसे. म्हणून दोन मागण्यांमधले अंतर म्हणजे पहिल्या पानावरचा वेळ, असे गणित रूढ झाले. पण मधला खंड किती लांबला म्हणजे भेट संपली? जॉर्जिया टेकमधील लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी १९९५ साली प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासून २५.५ मिनिटांची मर्यादा मांडली. पुढे ३० मिनिटांचा संकेत रुळला. २००५ साली आलेल्या गूगल अ‍ॅनालिटिक्सनेही तोच स्वीकारला.

यातली विसंगती साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. शेवटच्या पानानंतर दुसरी मागणी येत नाही, म्हणून त्या पानाचा वेळ शून्य. एकच दीर्घ निबंध तासभर मन लावून वाचणारा आणि क्षणात पाठ फिरवणारा, दोघांची नोंद सारखीच! २००७ साली नील्सन-नेटरेटिंग्जने संकेतस्थळांची क्रमवारी पृष्ठसंख्येऐवजी एकूण वेळेवर लावायचे ठरवले, तेव्हा वेळेचे माप बाजारात प्रतिष्ठा पावू लागले.

गूगलच्या आजच्या पद्धतीत पान पडद्यावर समोर असेल तेवढाच वेळ धरला जातो. शून्याचा दोष त्यामुळे बराच कमी झाला. तरी समोर असलेले पान म्हणजे वाचलेले पान नव्हे. आणि वाचून झाल्यावर मनात सुरू राहते ते वाचन कोणत्याच नोंदीत येत नाही.