वरच्यांनी विचारावे, खालच्यांनी सांगावे



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा आज मी जो इतिहास सांगणार आहे तो एका संघटकाने, आपल्या गरजेपोटी, जमेल तसा वाचलेला इतिहास आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण तो ऐकावा.

विषय रुग्णालयाचा आहे. रुग्णालयात डॉक्टर असतात, परिचारिका असतात, औषध देणारे, रक्त तपासणारे, झाडूपोछा करणाऱ्या मावश्या असतात. रोग्याच्या अंगाला यांतल्या प्रत्येकाचा हात लागतो. पण बोलण्याचा अधिकार मात्र हुद्द्याप्रमाणे वाटलेला असतो. धोका हुद्दा पाहून येत नाही. तो पुष्कळदा सर्वांत खालच्या माणसाला आधी दिसतो. त्याने पाहिलेले वर पोचते की वाटेत विरते, यावर कित्येकांचे प्राण अवलंबून राहिले आहेत. आजच्या कथनाचे सूत्र एवढेच.

पहिली हकीकत व्हिएन्ना शहरातली. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका कितीतरी अधिक. ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य करण्यापूर्वी शहरातल्या गरीब बायकांना ठाऊक होती. पहिल्या विभागात आपल्याला घालू नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. त्यांचे ऐकून कोण घेणार? अखेर सेमेलवाइस नावाच्या एका तरुण साहाय्यकाने आकडे मांडले, शवविच्छेदनाहून येणाऱ्या हातांवर बोट ठेवले, आणि १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या. जून-जुलैमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. तथापि वरिष्ठांना ते रुचले नाही. आपल्याच हातांनी मृत्यू नेला हे कबूल करणे जड गेले. सेमेलवाइसला ती जागा सोडावी लागली, आणि १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला.

दुसरी हकीकत आपल्या घराजवळची आहे, आणि तिच्यापाशी मी जरा अधिक थांबणार आहे. मुंबईच्या परळ भागात हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, हे आपणांस माहीत आहेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तिथून लाखो लोकांसाठी लस बाहेर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका विशिष्ट बाटलीतून १९ जणांना लस दिली होती. आठवडाभरात त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारेच्या सारे मेले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, लस दूषित झाली असली पाहिजे असा समितीचा कल पडला. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या कामातून दूर केले गेले. एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर काळोखी आली.

पण त्याच चौकशीच्या कागदांत एक छोटीशी गोष्ट नमूद होती. मुलकोवालला त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही माहीत होते. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने सारा पुरावा तपासला आणि दोष बाटली उघडताना घडला असल्याचा भक्कम पुरावा आहे असे मत दिले. सर रोनाल्ड रॉस यांनी व त्यांच्या बरोबरीच्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या वर्तमानपत्रातून हाफकिन यांची बाजू उचलून धरली. तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. ते हिंदुस्थानात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

इतिहासकार या प्रकरणात हाफकिन यांच्यावरील अन्याय पाहतात, आणि तो होताच. मला मात्र त्या मदतनिसाचा विचार सुटत नाही. डोळ्यांपुढे चित्र आणा. समोर गोरा अधिकारी, भोवती गावचे लोक रांगेत, काम उरकण्याची घाई. चिमटा मातीत पडला. त्या क्षणी एकच वाक्य हवे होते: "साहेब, चिमटा पडला, ही बाटली बाजूला ठेवू या." एक बाटली वाया गेली असती, एवढेच. ते वाक्य कुणी का उच्चारले नाही, हे कागदांत सापडत नाही. पण ज्याने चाकरी केली आहे त्याला ते निराळे सांगावे लागत नाही. चूक बोलून दाखवली तर शिक्षा ठरलेली. न बोलली तर कदाचित काहीच होणार नाही. अशा वेळी गरीब माणूस 'कदाचित'च्या आसऱ्याला जातो. चौकशी समितीला गुन्हेगार कोण, परळ की मुलकोवाल, एवढाच प्रश्न पडला होता. पडलेला चिमटा बोलून दाखवता येईल अशी व्यवस्था का नव्हती, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता कुणी म्हणेल, त्या काळी तशी व्यवस्था माहीतच नव्हती. तेही तितकेसे खरे नाही. आपले गोंदिया हे रेल्वेचे गाव आहे. इथल्या रेल्वेच्या माणसाला विचारा, प्रायव्हेट नंबर म्हणजे काय. एका स्टेशनाचा मास्तर दुसऱ्या स्टेशनाकडे गाडीबद्दल विचारणा करतो, तेव्हा नुसत्या 'हो'वर भागत नाही. उत्तर देणारा आपल्याजवळच्या कागदावरचा एक अंक सांगतो, ऐकणारा तो वहीत उतरवतो. फाटकावरचा गेटमन फाटक बंद झाल्याचे कळवतो तोही असाच नंबर देऊन. हुद्द्याने गेटमन कुठे आणि स्टेशन मास्तर कुठे! पण त्या घटकेला मास्तरच्या वहीत गेटमनचा अंक लागतो. इथे कुणाच्या धाडसाची गरज पडत नाही, कुणाची मर्जी राखावी लागत नाही. खालच्या माणसाचा शब्द हा नियमाचाच एक भाग करून टाकलेला आहे. आणि हा नियम झाला तो अपघातांच्या पोटी.

विमानांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका एका विमानातल्या इंजिनियरने बोलून दाखवली होती. कप्तान मोठ्या नावाचा, शिकवणारा माणूस. त्याने ती झटकून टाकली आणि कुणी पुन्हा बोलले नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा पाठ आला: कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि वरिष्ठाने ती ऐकलीच पाहिजे.

रुग्णालयांनी हे उचलले ते त्याहून उशिरा. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक तपासयादी काढली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा सगळ्यांनी थांबायचे. त्यातले एक कलम वाचून मला हसू आले आणि मग मी गंभीर झालो. ते असे की, खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. जगातल्या आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. पूर्वी हजारात १५ रोगी दगावत, ते प्रमाण हजारात ८ वर आले. ज्याने एकदा आपले नाव उच्चारले त्याची जीभ मोकळी होते. पुढे काही खटकले तर तो बोलतो.

याच जातीचा एक प्रयोग महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी झाला होता. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. खेड्यांतल्या, पुष्कळशा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. या बायका ठराविक दिवशी जामखेडला जमत, आपल्या गावात काय पाहिले ते सांगत, आणि शिकत. डॉक्टरांनी त्यांच्याकडून ऐकायचे आणि त्यांनी डॉक्टरांकडून. सांगितल्याचे पुढे काय झाले हे सांगणाऱ्याला कळत असे, हे त्यातले मर्म. माणूस एकदा बोलतो, दोनदा बोलतो. उत्तर आले नाही की तिसऱ्यांदा गप्प बसतो.

आता घरी येऊ. १ मे १९९९ पर्यंत आपण भंडारा जिल्ह्याचेच होतो. त्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बालके गेली, ७ वाचवता आली. चौकशी झाली, काही अधिकाऱ्यांवर आणि परिचारिकांवर कारवाई झाली. त्या प्रकरणात दोष कुणाचा, हे ठरवायला मी इथे उभा नाही. मी एवढेच म्हणतो की, त्या रात्रीनंतर प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता: आमच्याकडे एखाद्या आयेला तारेचा जळका वास आला, तर ती कुणाला सांगेल, आणि तिला दुसऱ्या दिवशी काय उत्तर मिळेल?

हे मी दुसऱ्यांना विचारतो, पण या बाबतीत माझेही हात स्वच्छ नाहीत, आणि ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. माझी आई विड्या वळायची. सट्टेदार तिच्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकी तेव्हा ती गप्प राही. बोलले तर उद्या पाने मिळणार नाहीत. त्या गप्प राहण्याच्या रागातून मी संघटनेत आलो. आणि संघटनेत येऊन मी कामगारांना काय शिकवले? "विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. काही कबूल करू नका. मेमो आला की माझ्याकडे या." वकिली म्हणून हा सल्ला वाईट नव्हता. त्याने पुष्कळांच्या नोकऱ्या वाचल्या.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका रुग्णालयातली एक मावशी माझ्याकडे आली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रसूतीच्या वॉर्डात तिची रात्रपाळी होती. एका बाळंतिणीची चादर तिने थोड्या वेळात दोनदा बदलली. रक्त नेहमीपेक्षा जास्त जाते आहे हे तिला कळले होते. वीस वर्षे तिने चादरी बदलल्या होत्या. सिस्टर दुसऱ्या रोग्यापाशी गुंतलेली. आठवडाभरापूर्वीच एका डॉक्टरांना काही सांगायला गेली तर, "तू डॉक्टर आहेस काय?" असे ऐकून परतली होती. ती अर्धा तास गप्प राहिली. मग सिस्टरचे लक्ष गेले, धावाधाव झाली, आणि सुदैवाने ती बाई वाचली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे, आणि त्यात अर्धा तास म्हणजे काय, हे मला नंतर वाचून कळले.

मी तिला रागाने विचारले, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "भाऊ, तुम्हीच तर सांगितलं होतं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणून."

मला उत्तर सुचले नाही. डॉक्टरांनी तिचे तोंड एकदा बंद केले होते. मी ते सभा घेऊन घेऊन बंद केले होते.

त्या दिवसापासून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. चूक आणि हयगय यांत फरक करायला शिकले पाहिजे. हयगय करणाऱ्याला संघटनेने पाठीशी घालू नये. पण चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर त्याच्यासाठी दारात बसावे. पाळी बदलताना सर्वांत खालच्या माणसाला आधी विचारावे की, तुला काय दिसले. वरिष्ठ आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. तोंडी सांगितलेले औषध ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवावे, गेटमन नंबर देतो तसे. आणि जो बोलला त्याला उत्तर मिळावे, मग ते 'तुझी शंका चुकीची होती' असे का असेना. यांपैकी एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीत पायपीट करणाऱ्या आशाताईंनाही हेच लागू आहे. घरातली बाई अशक्त दिसते, हे त्यांनी सांगितल्यावर ते कागदातच राहिले तर पुढच्या वेळी त्या कशासाठी सांगतील?

कुणी म्हणेल, याने शिस्त बिघडेल. गेटमनचा नंबर वहीत उतरवल्याने रेल्वेची शिस्त बिघडली नाही, उलट तीच तिची शिस्त झाली. डॉक्टरांचे ज्ञान मोठे आहे, निर्णय त्यांचाच राहील, त्याविषयी वाद नाही. पण चादर मावशीच्या हातात असते. मुलकोवालचा चिमटा मदतनिसाच्या हातात होता.

आमच्या संघटनेच्या सभेत आता मी शेवटी बोलतो. आधी त्या मावशीसारख्या बायका बोलतात. सवय जुनी आहे, मधेच तोंड घालावेसे वाटते, तेवढे आवरतो.