पीडीएफमधील बिंदुचित्र
पीडीएफ फाइलमध्ये छायाचित्र किंवा स्कॅन केलेले पान साठवण्याची पद्धत. चित्र पानाच्या मजकुरापासून वेगळा घटक म्हणून राहते. त्याच्या आरंभी रुंदी, उंची, रंगपद्धती व संकोचनाचा प्रकार नोंदलेला असतो. पानावर फक्त त्याचा निर्देश असल्याने शंभर पानांवरचे बोधचिन्हही एकदाच साठवता येते. जेपीईजी जसेच्या तसे आत ठेवता येते. पारदर्शक पीएनजीचे मात्र रंग आणि पारदर्शकता वेगळी करावी लागते.

नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाच्या (स्थापना १९२३) ‘युगवाणी’ या नियतकालिकाचे एखादे जुने पान ए-४ आकारात ३०० डीपीआयने स्कॅन केले, तर २४८० × ३५०८ बिंदू होतात. संकोचनापूर्वी ते रंगीत असल्यास सुमारे २६ एमबी, निव्वळ काळे-पांढरे असल्यास १.१ एमबी भरते. जेबिग२ हे संकोचन आकार आणखी पुष्कळ घटवते. पण त्याच्या एका प्रकारात सारखी दिसणारी अक्षरे एकाच नमुन्याने भरली जातात. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांत यामुळेच ६ चा ८ होत असल्याचे उघडकीस आले. देवनागरीत घ-ध, प-ष यांतला फरक जेमतेम एका रेघेचा आहे. जुन्या मराठी नियतकालिकांच्या अंकांसाठी हा प्रकार टाळलेलाच बरा.