वाट कोणी आखली, वाट कोणी खणली

आज आम्ही तुमच्याशी रस्त्याविषयी बोलणार आहोत. डांबरी हमरस्त्याविषयी नाही, तर डोंगरातल्या, झाडीतल्या, वाडीपर्यंत पोचणाऱ्या वाटेविषयी.

आमच्या वाडीतून पावसाळ्यात बाळंतपणाची बाई खाली न्यायची तर डोली करावी लागते. एक जाड बांबू, त्याला बांधलेली घोंगडी, पुढे दोघं आणि मागे दोघं. ‘खांदेकरी’ हा शब्द आम्ही त्या वेळी तोंडातून काढत नाही. गेल्या वर्षी ठरवलं, की आपला रस्ता आपणच करायचा. पण पहिल्याच बैठकीत एक म्हातारी आजी म्हणाली, “आधीच्यांनी कसे केले ते तरी बघा.” म्हणून आम्ही शोधायला लागलो.

सह्याद्रीतल्या फार जुन्या घाटवाटांपैकी एक म्हणजे नाणेघाट. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. कातळ फोडून केलेल्या नाळेतून ती वर येते. माथ्याजवळ एक लेणं आहे आणि त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख. कुठले यज्ञ केले, किती गाई-घोडे आणि नाणी दान दिली, याची मोठी यादी त्यात कोरली आहे. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. राणीचं नाव दगडावर राहिलं याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांनी छिन्नी चालवली, ज्यांनी दगडाच्या पाट्या वाहिल्या, त्यांचं एकही नाव तिथं नाही.

पुढं मराठ्यांच्या राज्यात तर वाट सोपी करूच नये, असाही विचार होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलं आहे, की गडाच्या वाटा सुगम नसाव्यात, असल्या तर त्या मोडून त्यांवर झाडी वाढवावी. वाचून आम्ही हसलो, पण मग थोडा विचारही केला. रस्ता झाला की अँब्युलन्स येते, तसा लाकडाचा ट्रकही येतो आणि जमिनीचा दलालही येतो. गडकऱ्याला जी भीती शत्रूच्या फौजेची होती, तशीच काहीशी भीती आज डोंगरातल्या वाडीला बाळगावी लागते.

आता बोरघाट, म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट. इथं थोडं थांबूया, कारण शिकण्यासारखं इथंच जास्त आहे. पूर्वी या वाटेनं लमाणांचे, वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे पाठीवर माल घेऊन चढत. गाडी चढत नसे. १८३० साली इंग्रजांनी तिथं गाडीरस्ता खुला केला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम होता. मग १८५६ पासून त्याच घाटात रेल्वेचं काम सुरू झालं. २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना १ फूट असा चढ. एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसं कामावर होती. पटकीच्या साथीत माणसं पटापट गेली. मजुरी थकवली म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगाही केला.

पहिल्या ठेकेदाराकडून काम काढून घेतलं आणि ते सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या साहेबाला दिलं. तो इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारानं वारला. मागं राहिली त्याची बायको, अ‍ॅलिस. परक्या देशात, नवरा गेलेला, हातात एवढा मोठा ठेका. तिनं तो सोडला नाही. अनुभवी इंजिनिअर हाताशी धरून काम चालू ठेवलं, आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत होतं? आम्हाला तर नव्हतं. पण तिचं नाव निदान पुस्तकात सापडतं. घाटात माती आणि दगड वाहणाऱ्या आपल्या बायांचं नाव शोधायला गेलो, तर नुसता ‘मजूर’ एवढाच शब्द हाती लागतो.

त्याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोक सांगतात, की साहेबांना मार्ग सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं आपल्या जनावरांच्या वाटेवरून तो दाखवला. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या देशातून जा. आणि साहेबांनी त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, दप्तरातली नोंद नव्हे. पण तिच्यात एक गोष्ट आहे, ती गुराखी बायांना सांगायला नको. लादलेला बैल सरळ अंगावरच्या चढानं जात नाही. तो आडवा जातो, वळण घेतो, पुन्हा आडवा जातो. पाणी साचतं ती जागा टाळतो. डोंगर ओळखण्याचं हे शहाणपण ज्यांच्याकडं होतं, त्यांना रस्ता आखताना कोणी विचारलं, आणि कितीदा?

मग जंगलाचे कायदे आले. १८७८ च्या आणि पुढं १९२७ च्या कायद्यानं रान सरकारचं झालं. १९२७ च्या कायद्याचं २५ वं कलम आम्ही गटात मोठ्यानं वाचून घेतलं. राखीव जंगलातली वाट किंवा पाण्याचा पाट वन अधिकारी सरकारच्या मंजुरीनं बंद करू शकतो, मात्र त्याऐवजी दुसरी सोयीची वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. ‘सोयीची’ म्हणजे कोणाच्या सोयीची, ते सरकार ठरवणार! आजीच्या आजीनं तुडवलेली पायवाट एका कागदानं ‘नसलेली’ होते, ती अशी.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्यातल्या थोरल्या बायांनी भोगलेला आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रस्त्याची खडी फोडायला बाया होत्या, मुलं झाडाला झोळीत बांधलेली. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, आणि पुढं तिचा कायदा १९७७ साली झाला. तिनं आपल्याला बाईच्या हातात मजुरी दिली, हे मोठं. पण रस्ता कुठून जाणार हे तेव्हाही हजेरीवाल्या साहेबांच्या कागदावर आधीच ठरलेलं असे. खणायचं आपण, आखायचं त्यांनी.

म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्यातली एक बाब आम्हाला इतर सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांच्याबरोबर रस्ताही आहे. अशा एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश बाया. म्हणजे आपण घरी बसलो तर सभाच भरत नाही.

आता हिशोब बघा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चार मीटर रुंद रस्ता धरला तर अडीच किलोमीटर होतो. पण उभ्या उतारावर वरची कापणी आणि खालचा भराव मिळून सहा मीटर सहज जातात, मग सोळाशे मीटरच्या पुढं रस्ता सरकत नाही. शेजारच्या खोऱ्यात एका ठेकेदारानं जेसीबी लावून पंधरवड्यात रस्ता काढला होता. वरची दरड उभी कापली, मुळं उघडी पडली, पाण्याला गटार नाही, मोरी नाही. पहिल्याच आषाढात अर्धा रस्ता खालच्या भातखाचरात गेला. त्या खाचराच्या मालकिणीनं आमच्या बैठकीत येऊन सांगितलं, “रस्ता नको म्हणत नाही, पण माझ्या भातावर नको.”

मग आम्ही उलटं केलं. पाणलोटाच्या कामात बांध आखायला वापरतो तीच लाकडी ए-फ्रेम घेतली, पण सपाट रेषेऐवजी वीस पावलांना एक पाऊल चढ धरला. भर पावसात, इरलं घेऊन, रेषेवरून चाललो. जिथं पायाखालून पाणी वाहत होतं तिथं मोरीची खूण केली. दोन जागी पाझर निघाला, तिथं रेषाच वर सरकवली. वाटेत आंबा, हिरडा, एक जुना उंबर आला. उंबरासाठी एक वळण वाढलं, तेव्हा पुरुष मंडळी कुरकुरली. वळण तसंच ठेवलं. रेषेतली झाडं मोजली, प्रत्येकाला चुन्याचा ठिपका दिला, वहीत लिहिलं.

ग्रामसभेत ठराव मांडला त्या दिवशी ती म्हातारी आजी काठी टेकत आली आणि पहिल्या रांगेत बसली. ठराव वाचून झाल्यावर तिनं नकाशा मागून घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, “ओढ्याच्या अलीकडं अजून दोन खूण हवी, तिथं श्रावणात पाणी फुटतं.” दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पाणी होतं. तिथली खूण करूनच अर्ज वन विभागाकडं दिला आहे. पोच आमच्या गटाच्या पेटीत आहे.