मंजुघोषेचे वाचक

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना आपण बहुधा लेखकांचाच इतिहास सांगतो. बाबा पदमनजी, हळबे, रिसबूड, गुंजीकर, हरिभाऊ, वामनराव जोशी, फडके, खांडेकर ही नामावळी तिथीवार फळ्यावर लिहिली की आपले कार्य संपले, असे आपणां अध्यापकांस वाटू लागते. परंतु ज्या वाचकांसाठी ही पुस्तके छापली गेली त्यांचे त्यांविषयी काय मत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रेमकथांच्या बाबतीत तर तो विचारण्याचे मुद्दाम टाळले जाते. कारण त्या वाचल्याची कबुली देणे कोणत्याही पिढीतील विद्वानांस फारसे रुचलेले नाही. ह्या लेखात आम्ही तो प्रश्न घेणार आहो. आपल्या काळातील प्रेमकथांविषयी मराठी वाचकाने वेळोवेळी काय म्हटले आणि त्याच्या तक्रारीत तथ्य किती होते, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीत ज्यास ‘नॉव्हेल’ म्हणतात त्या वाङ्मयप्रकारास हिंदी व बंगाली भाषांनी ‘उपन्यास’ म्हटले, गुजरातीने ‘नवलकथा’ म्हटले, आणि मराठी व कानडी ह्या दोन शेजारणींनी मात्र ‘कादंबरी’ हे एकच नाव पसंत केले. इंदूर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी राहून दोन भाषांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस हा भेद रोजच्या अनुभवाचा आहे. पण त्यातील मर्म आपल्या ध्यानी येत नाही. कादंबरी हे मूळचे एका स्त्रीचे नाव. हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने सातव्या शतकात रचलेल्या आणि त्याच्या पुत्राने पुरी केलेल्या गद्यकाव्याची ती नायिका. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता ह्या दोन जोड्यांचे प्रेम मरणानेही तुटत नाही व जन्मांतरी फळास येते, अशी ती कथा आहे. म्हणजे एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव आपण एका सबंध वाङ्मयप्रकारास दिले. प्रेमकथा हा मराठी कादंबरीच्या अंगणात आगंतुक शिरलेला पाहुणा आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता आरंभकाळाकडे वळू. १८५७ मध्ये बाबा पदमनजी ह्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. बाबांचा जन्म बेळगावचा, १८३१ चा. त्यांच्या पुस्तकात हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्र आहे, आणि त्यामागील धर्मप्रसाराचा हेतू बाजूस ठेवला तरी त्यातील वस्तुस्थिती खोटी म्हणता येत नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि पुढील काही वर्षे मराठी कादंबरीत राजपुत्र, सुंदर राजकन्या, दुष्ट कारभारी, निबिड अरण्ये व अकल्पित भेटी ह्यांची दाटी झाली. सत्यस्थिती सांगणारे पुस्तक समोर असताना लेखक व वाचक ह्या दोघांनीही अद्भुताचा मार्ग धरला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वास्तव लिहिणे कोणास साधत नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही.

ह्याचे कारण स्वतः रिसबुडांनीच ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या हिंदू लोकांतील विवाहाची रीत व इतर काही कारणे ह्यांमुळे आपल्या नित्याच्या आयुष्यात मन रमेल असे काही आढळतच नाही. रोजचे अनुभव लिहावेत तर ते कंटाळवाणे होतात, आणि मनोरंजक पुस्तक करावयाचे तर अद्भुताचा आश्रय करावा लागतो. ह्या विधानास आपल्या टीकाकारांनी बहुधा हसण्यावारी नेले आहे. आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाविषयी इतके नेमके विधान क्वचितच कोणी केले असेल. प्रेमकथेस निदान दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांस होय किंवा नाही म्हणण्याची मुभा लागते. आठव्या-नवव्या वर्षी जिचे लग्न उरकले जात असे, तिला ती मुभा कोठून असणार? जी गोष्ट घरात, वाड्यात, आळीत घडणेच शक्य नव्हते, ती घडविण्यासाठी लेखकास दूरचे राज्य व अपरिचित नगर शोधणे भाग पडले.

ही मुभा मागणाऱ्या स्त्रीची गत काय होत असे ते कल्पनेने ताडण्याचे कारण नाही. लहानपणी झालेला विवाह नाकारून पतीकडे नांदावयास न जाणाऱ्या रखमाबाईंवर मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८४ मध्ये दावा गुदरण्यात आला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. ‘मंजुघोषे’तील नायिका जे मनोमन करते ते एका खऱ्या स्त्रीने करू म्हटले तेव्हा त्याचा चार वर्षांचा खटला झाला. ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे अद्भुत कोणते व वास्तव कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

समकालीन कादंबऱ्यांविषयी सविस्तर मत नोंदविणारा आमच्या माहितीतील पहिला मोठा वाचक म्हणजे काशीनाथ बाळकृष्ण मराठे. त्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा. ‘नावल’ हा शब्द त्यांनी तसाच ठेवला, ह्यावरूनच त्यांच्या मनातील माप कोठले होते हे समजते. सांगितलेली गोष्ट घडण्याजोगी असावी, ही त्यांची अपेक्षा. आणि भोवतालच्या मराठी कादंबऱ्या त्या मापास उतरत नाहीत, ही त्यांची तक्रार. तक्रार रास्त होती. एकाच साच्याचे नायक, एकाच साच्याची वर्णने आणि शेवटी योगायोगाने सर्व गाठी सुटणे, ह्यांचा विटाळ येणे चोखंदळ वाचकास साहजिक होते. मराठ्यांनी ही अपेक्षा मांडली नसती तर मराठी कादंबरीविवेचनाचा पाया इतक्या लवकर पडला नसता, हे निर्विवाद होय.

तथापि ह्याच १८७२ साली सरकारने नोंदणी विवाहाचा कायदा केला, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या कायद्याने लग्न करावयाचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादींपैकी कोणत्याही धर्माचे नाही असे वधूवरांस लिहून द्यावे लागे. हिंदूंना आपला धर्म न सोडता जातीबाहेर त्या कायद्याने विवाह करता येऊ लागला तो १९२३ च्या दुरुस्तीनंतर. आणि ही अट सर्वांसाठी सुटली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. म्हणजे कादंबरीतील प्रेम घडण्याजोगे असावे असे वाचक ज्या वर्षी म्हणत होता, त्या वर्षी ते घडण्यासाठी स्वधर्माचा त्याग लिहून द्यावा लागत होता. मराठ्यांनी लेखकापाशी जे मागितले ते बव्हंशी समाजापाशी मागावयास हवे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही सर्व मते पुरुषांची आहेत. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी, १८७३ मध्ये, रमाबाईंचा न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लिहावाचावयास शिकताना घरातील वडीलधाऱ्या बायकांचा केवढा रोष त्यांनी सोसला, ते त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. ज्या घरात मुलीच्या हाती अंकलिपी दिसणे हाच अपराध होता, त्या घरात ‘मंजुघोषा’ वाचून एखादीने काय मनात आणले असेल ते कागदावर उतरले नाही. प्रेमकथेविषयीचे मराठीतील जुने मत म्हणजे अर्ध्याच वाचकवर्गाचे मत होय, हे इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

ह्या पेचातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग पुढील लेखकांनी काढले. एक इतिहासाचा. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ आले, आणि शिवकाळ हा पराक्रमास व प्रेमास सारखाच सोयीचा काळ आहे असे दिसून आले. दुसरा मार्ग अधिक अवघड व आमच्या मते अधिक मोलाचा. तो हरिभाऊ आपट्यांनी दाखविला. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ ह्या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तीत बालविवाह आहे, वैधव्य आहे, केशवपनाचा जुलूम आहे. परंतु त्या सर्वांच्या मध्यभागी यमू व तिचा पती ह्यांचे मुंबईतील थोडे दिवस आहेत. लग्न आधी झालेले आणि प्रेम मागाहून जडलेले, अशी ही प्रीती आहे. जेथे निवड करण्याची सोय नाही तेथेही दोन माणसे एकमेकांस ओळखू शकतात, ही गोष्ट हरिभाऊंनी आपल्याच वस्तीत दाखविली. रिसबुडांच्या प्रस्तावनेस दिलेले ते उत्तर आहे, असे आम्ही समजतो. आणि ते दिवस किती थोडे टिकतात हे ज्याने वाचले असेल, त्यास रिसबुडांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असेही म्हणवणार नाही.

१९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्भुत व वास्तव ह्या दोन्ही जातींच्या कादंबऱ्या तोलून पाहिल्या. कागदपत्रांच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या ह्या संशोधकास कादंबरीवाचनाचे व्यसन असावे आणि त्याने ते झाकू नये, हे आम्हांस फार सूचक वाटते. ज्यास सत्याची एवढी चाड, त्याने कल्पितासही तुच्छ लेखले नाही.

पुढे काळ पालटला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय दहावरून बारावर गेले. १९०४ मध्ये बडोदे संस्थानाने बालविवाहप्रतिबंधक कायदा केला. १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. मुली महाविद्यालयात दिसू लागल्या, आणि त्याबरोबर कादंबरीतील राजकन्येने मुकुट उतरवून हाती वह्या घेतल्या. १९१५ ची वामन मल्हार जोशी ह्यांची ‘रागिणी’ हा ह्या बदलातील महत्त्वाचा टप्पा होय. तीतील स्त्रीपुरुष तत्त्वचर्चा करितात. १९३० मध्ये मडगाव येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनरावांकडेच होते, हे गोमंतकातील आमच्या बांधवांस आठवत असेल. ना. सी. फडके ह्यांच्या ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८) व ‘दौलत’ (१९२९) ह्या कादंबऱ्यांनी तर तरुण वाचकांस वेड लावले. येथे विमान नव्हते, अरण्य नव्हते, सर्व काही पुण्यामुंबईचे होते. आणि तरीही आक्षेप तोच! फडक्यांचे जग खरे नाही, त्यातील माणसांस पोटाची काळजी नाही, असे वाचक म्हणू लागले. मराठ्यांच्या तक्रारीस साठ वर्षे होत आली होती. तिचे शब्द मात्र बदलले नव्हते.

ह्या वेळी आक्षेपास भक्कम आधार मिळाला तो एका स्त्रीच्या लेखणीचा. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ ह्या टोपण नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि एकच खळबळ उडाली. शिकलेली, मिळवती, पण मनासारखा सोबती न मिळालेली स्त्री त्या कथांतून बोलली. तिला प्रेमकथेचा तिटकारा नव्हता. प्रेमकथेने दिलेले वचन समाजाने पाळले नाही, हे तिचे दुःख होते. आजवर ऐकू न आलेल्या त्या दुसऱ्या अर्ध्या वाचकवर्गाचे मत अखेर असे कथेच्या रूपाने नोंदले गेले, असे आम्ही म्हणू. मालतीबाई बेडेकरांचे हे ऋण टीकाकारांनी अद्यापि पुरतेपणी फेडलेले नाही.

त्यानंतर प्रेमकथा ग्रंथालयांतून व दिवाळी अंकांतून घरोघर गेली, आणि तिचा न्याय करण्यास प्रत्यक्ष न्यायालय बसले. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खाली दोषी ठरलेल्या लेखकास १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. कथा वाङ्मयदृष्ट्या उच्च दर्जाची नसली तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. सुमार असणे आणि घातक असणे ह्यांतील भेद न्यायमूर्तींनी जितका स्पष्ट केला तितका तो आपल्या शिक्षकवर्गाने आजही केलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

कारण आजही वर्गात एखाद्या मुलीच्या पुस्तकांत प्रेमकादंबरी सापडली तर ती काढून घेतली जाते, आणि शाळेच्या वा वाचनालयाच्या कपाटांची झाडाझडती होते तेव्हा अशीच पुस्तके प्रथम रद्दीत जातात. आम्ही ह्या कादंबऱ्यांची भलावण करीत नाही. त्यांतील बहुतेक एकाच साच्याच्या असतात, आणि लग्न लागले की नायिकेचे बोलणे थांबते, हा त्यांचा मोठाच दोष आहे. परंतु ‘हे खरे नाही’ एवढे म्हणून भागत नाही, असे गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो. हे खरे का नाही, आणि ते खरे असावे असे वाचणाऱ्यास का वाटते, हे पुढचे दोन प्रश्न आहेत. आणि ते त्या मुलीसच विचारले पाहिजेत.

आमची सूचना लहान आहे. आपल्या जुन्या ग्रंथसंग्रहांत अशा कादंबऱ्यांच्या ज्या प्रती उरल्या आहेत त्या फेकू नयेत. त्यांच्या पृष्ठांवर समासात कोणी काही लिहिले असेल, एखाद्या ओळीखाली रेघ मारली असेल, ते जपावे व त्याची नोंद करावी. मराठे आणि राजवाडे ह्यांनी आपली मते छापून ठेविली. ज्यांना ती सोय नव्हती त्यांची मते असलीच तर तेथेच असतील.