पिकअपमधून विचित्र आवाज येतोय? मोबाईलच्या मदतीने असा शोधा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मालवाहू पिकअप म्हणजे अनेक घरांचं पोट. सोयाबीन, कापूस, कांदा, खताच्या गोण्या, सगळं त्याच हौद्यात. सकाळी शेतातल्या पांदण रस्त्यावर, दुपारी खामगावच्या बाजार समितीत आणि संध्याकाळी राजूर घाट चढताना. अशा गाडीतून एखादा नवीन आवाज यायला लागला की दोनच गोष्टी होतात. एकतर आपण गाण्याचा आवाज वाढवतो, नाहीतर गॅरेजवर जाऊन "काहीतरी खडखड होतंय" एवढंच सांगतो. गॅरेजवर गाडी उभी असते, रिकामी असते आणि आवाज नेमका तिथेच येत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलले जातात.

या लेखात मी तुम्हाला मोबाईल वापरून आवाजाचा माग कसा काढायचा ते सांगणार आहे. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी हे वाचा: कोणता आवाज आला तर गाडी थांबवायची?

खालीलपैकी काही असेल तर रेकॉर्डिंग करत बसू नका. गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.

- ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र आवाज. ब्रेकचं लायनिंग किंवा पॅड संपलेलं असू शकतं. भरलेली गाडी घेऊन घाट उतरायचा नाही.
- चाकाकडून खट-खट आणि सोबत स्टेअरिंग किंवा बॉडी हलणं. चाकाचे नट ढिले असू शकतात.
- घरघर आणि एका चाकाजवळ जळका वास किंवा इतर चाकांपेक्षा जास्त धग. हात लावू नका, जवळ नेऊन अंदाज घ्या.
- गाडीखालून ठोके आणि वेगाबरोबर वाढणारी थरथर. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटायला आला असेल तर चालत्या गाडीत शाफ्ट खाली पडू शकतो.
- इंजिनमधून ठोके आणि ऑइलचा लाल दिवा. इंजिन लगेच बंद.

पायरी १: साध्या गोष्टी बाद करा

अर्धे आवाज गाडीचे नसतातच. फाळक्याची साखळी, ढिली कडी, ताडपत्रीचा फडफडणारा कोपरा, हौद्यात लोळणारा पाना, सीटमागचा जॅक. हे सगळं बांधा किंवा काढा आणि परत चक्कर मारा. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही टकटक करतो, तोही बघा.

पायरी २: आवाज कशाबरोबर बदलतो?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर हे प्रश्न तपासा.

१. गाडी उभी ठेवून रेस केल्यावर येतो का? येत असेल तर तो इंजिनच्या बाजूचा. सकाळी थंड इंजिनवर चिर्रर्र म्हणजे बहुतेक बेल्ट. रेसबरोबर वाढणारी फटफट म्हणजे सायलेन्सरच्या पाइपची गळती. शिट्टी, काळा धूर आणि ओढ कमी, असं तिन्ही असेल तर टर्बोचा हवेचा पाइप तपासायला सांगा.

२. क्लच दाबल्यावर बदलतो का? उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय. न्यूट्रलला येत होता आणि क्लच दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सवर.

३. फक्त वेगाबरोबर बदलतो का? गिअर बदलला, रेस सोडली तरी त्याच वेगाला तोच आवाज येत असेल तर चाक, टायर, बेअरिंग किंवा शाफ्ट बघा. घाटात गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून हा प्रयोग कधीच करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते.

४. वळणावर बदलतो का? उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचं बेअरिंग आधी तपासा. डावीकडे वळताना उलट.

५. फक्त खड्ड्यात येतो का? करकर किंवा खाडखाड असेल तर पाटे, शॅकलचे बुश, यू बोल्ट, शॉकअप.

६. रेस देताना-सोडताना 'ठक्' होतं का? क्रॉस, शाफ्ट किंवा डिफरन्शियलमधला खेळ.

७. भरलेल्या गाडीत येतो की रिकाम्या? माल भरला की पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो. म्हणून काही आवाज फक्त भरलेल्या गाडीतच येतात. गॅरेजवर हे सांगितलंच पाहिजे.

रस्ताही बदलून बघा. गावाकडच्या डांबरी रस्त्यावर आणि समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर त्याच टायरचा आवाज वेगळा येतो. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल तर टायरपासून सुरुवात करा.

पायरी ३: रेकॉर्डिंग नीट करा

मोबाईल ड्रायव्हरने हातात घ्यायचा नाही. गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरणं मोटार वाहन कायद्यानेही गुन्हा आहे. शेजारी बसलेल्या माणसाने हे काम करायचं, आणि केबिनमध्येच बसून. आवाज ऐकायला हौद्यात कोणी बसायचं नाही.

- सगळ्यात सोपं म्हणजे व्हिडिओ. स्पीडोमीटर फ्रेममध्ये ठेवा, म्हणजे आवाज आणि वेग एकत्र मिळतात.
- तोंडाने बोलत जा: "तिसरा गिअर, चाळीस, रेस सोडली."
- फक्त ऑडिओ करत असाल तर रेकॉर्डरमधलं नॉइज रिडक्शन बंद करा आणि जमल्यास वेव्ह फॉरमॅट निवडा. नॉइज रिडक्शन माणसाचं बोलणं वाचवतं आणि आपल्याला हवी तीच घरघर पुसून टाकतं.
- आवाजाच्या मोठेपणावर विश्वास ठेवू नका. मोबाईल मोठा आवाज आपोआप कमी करतो आणि बारीक आवाज वाढवतो.
- व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवू नका, ती आवाज दाबून लहान करते. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पायरी ४: ठोके मोजा, इथे खरी गंमत आहे

२१५/७५ आर १५ मापाचं टायर घेऊ. त्याचा घेर साधारण २.२ मीटर येतो. यावरून एक सोपा हिशेब निघतो: वेगाला ८ ने भागा, चाक सेकंदाला किती फेरे मारतं ते कळतं. ४० च्या वेगाला ५ फेरे, ६० ला साडेसात. तुमचं टायर वेगळ्या मापाचं असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकला, अंतर मीटरमध्ये मोजा आणि ३.६ ने गुणा. ८ ऐवजी तो आकडा वापरा. वेग जीपीएसवरचा घेतलेला बरा.

प्रोपेलर शाफ्ट चाकापेक्षा जास्त वेगाने फिरतो. डिफरन्शियलचं प्रमाण ४ धरलं तर ४० च्या वेगाला सेकंदाला २० फेरे. तुमच्या गाडीचं नेमकं प्रमाण मेकॅनिकला विचारा. एवढे ठोके कानाने मोजता येत नाहीत, ते घुमल्यासारखे किंवा थरथरल्यासारखे जाणवतात.

आमच्याच घरच्या पिकअपचं उदाहरण सांगतो. सोयाबीनच्या हंगामात गाडी भरली की मागून 'धप-धप' यायचं. एका गॅरेजवर क्रॉस बदलायचा सल्ला मिळाला होता. काका गाडी चालवत होते, मी शेजारी बसून व्हिडिओ घेतला. घरी तो अर्ध्या वेगाने लावून ठोके मोजले. ४० च्या वेगाला दहा सेकंदांत ५०, आणि २० ला दहा सेकंदांत २५. म्हणजे सेकंदाला ५ आणि अडीच, चाकाच्या फेऱ्याइतकेच. शाफ्टचा दोष असता तर ठोके चौपट किंवा त्याहून जास्त आले असते. गॅरेजमध्ये मागची चाकं उचलून फिरवली तेव्हा डाव्या टायरला आतल्या बाजूने फुगा आलेला सापडला. बाहेरून तो दिसतच नव्हता. असा फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले असतात. भरलेल्या गाडीखाली ते टायर कधीही फुटू शकतं आणि त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलावंच लागतं. क्रॉस बदलून आम्ही बोथा घाटात गेलो असतो तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

पायरी ५: न ऐकू येणारी थरथर मोबाईलला विचारा

मोबाईलचा माइक खालच्या पट्टीतले आवाज नीट पकडत नाही. पण मोबाईलमधला हालचालीचा सेन्सर, म्हणजे ॲक्सेलरोमीटर, ते पकडतो. यासाठी जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ साली आणलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप चांगलं आहे. मोबाईल सीटवर नको, कारण फोम थरथर खाऊन टाकतो. केबिनच्या फरशीवर टेपने घट्ट चिकटवा. ॲपमध्ये ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम उघडा, एकच वेग काही सेकंद धरा आणि शिखर कोणत्या हर्ट्झला येतं ते बघा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा.

४० च्या वेगाला वरच्या हिशेबाने:

- ५ हर्ट्झला शिखर: चाक किंवा टायर
- २० हर्ट्झ: शाफ्टचा तोल
- ४० हर्ट्झ: क्रॉस, कारण तो शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा झटका देतो

वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर शिखर सरकलं तर ते इंजिनचं आहे. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला साधारण २७ हर्ट्झची थरथर देतं, ती चालू इंजिनात असतेच. तिला दोष समजू नका.

मोबाईल काय करू शकत नाही?

मोबाईल दिशा दाखवतो, निदान करत नाही. बेअरिंगचा खेळ, क्रॉसचा ढिलेपणा हाताने हलवूनच कळतो. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ते काम स्टँड लावलेल्या गॅरेजमध्येच करायचं.

मेकॅनिकला असा मेसेज पाठवा

"दादा, घरघर ३५ च्या पुढे येते. रेस सोडली तरी राहते. उजव्या वळणावर वाढते. गाडी भरलेली असताना जास्त. ब्रेकने फरक पडत नाही. व्हिडिओ सोबत पाठवलाय."

एवढं वाचलं की मेकॅनिक डाव्या चाकापासून सुरुवात करेल आणि तुम्हाला न लागणारा पार्ट विकत घ्यावा लागणार नाही. दर हंगाम सुरू होण्याआधी गाडी ठीक असतानाचाही एक व्हिडिओ करून ठेवा, ४० च्या वेगाला, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. नवा आवाज नवा आहे की जुनाच, हे त्या व्हिडिओशी ताडून बघता येतं.