तिसऱ्यांचं सूप आणि एका खाडीची कहाणी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्यातल्या न्यूपोर्ट गावात, याक्विना खाडीच्या काठी ‘मोज’ नावाची जुनी खानावळ आहे. तिच्या दर्शनी भिंतीला चक्क गॅरेजचं दार आहे. एका बाईने गाडी मागे घ्यायच्या ऐवजी चुकून पुढे घातली आणि ती भिंत फोडून आत आली. मालकीण मोहावा नीमी, म्हणजे मो. तिने त्या घाबरलेल्या बाईला जवळ घेतलं आणि सांगितलं की आपण इथे दारच करू, म्हणजे तुला हवं तेव्हा गाडी आत आणता येईल. आणि दार खरंच बसवलं. ऊन असेल त्या दिवशी ते उघडतात.

गोष्ट गोड आहे. पण जुनी दुकानं सांगतात त्या गोष्टी बऱ्याचदा अशाच गोड असतात. मला जास्त रस वाडग्यात होता.

दुकान १९४६ सालचं. तेव्हाचं नाव ‘फ्रेडी अँड मोज’; पुढे भागीदार गेला आणि मो उरली. समोर धक्का, त्यामुळे गिऱ्हाईक कोळ्यांचं आणि कामगारांचं. मोठी माणसं नंतर आली: १९६८ च्या निवडणूक प्रचारात रॉबर्ट केनेडी, मग सिनेमाच्या शूटिंगला आलेले पॉल न्यूमन आणि हेन्री फोंडा. फोटो त्यांचे लागतात, पण दुकान तगलं ते चाउडरवर.

चाउडर म्हणजे तिसऱ्या, बटाटा, कांदा आणि बेकन घातलेलं दाट, दुधाळ सूप. कोकणातली तिसऱ्यांची आमटी डोक्यात ठेवून मी पहिला चमचा घेतला आणि गोंधळले. मासळीत दूध? आपल्याकडे आजी ओरडली असती. पण दूध नंतरचं आहे. १७५१ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या पाककृतीत ना दूध आहे, ना तिसऱ्या. आहे ते खारवलेलं डुकराचं मांस, कांदा, मासे आणि जहाजावरची कडक बिस्किटं, एकावर एक थर लावून शिजवलेली. लांबच्या प्रवासात जे टिकतं, तेच पातेल्यात. १८५१ च्या ‘मोबी डिक’ कादंबरीत नॅन्टकेट बेटावर एक नवरा-बायको असंच घरगुती सूपगृह चालवतात; तिथे प्रश्न एकच, तिसऱ्या की कॉड. बिस्किटांची जागा पुढे बटाट्याने घेतली. वाडग्याबरोबर अजूनही छोटी खारी बिस्किटं देतात, ती त्याच जहाजी बिस्किटांच्या वंशातली. टोमॅटो घालायचा की नाही यावरून तर १९३९ साली मेन राज्यातल्या एका आमदाराने बंदीचं विधेयक आणलं होतं. मिसळीवरून भांडणाऱ्यांनी हे वाचून बरं वाटून घ्यावं.

म्हणजे चाउडर हे अटलांटिक किनाऱ्याचं जेवण, गोऱ्या वसाहतींबरोबर हजारो मैल पश्चिमेला आलेलं. ते या खाडीवर आलं तेव्हा खाडी रिकामी नव्हती.

खाडीचं नावच तिथल्या याक्विना लोकांवरून पडलंय. शिंपल्या वेचणं ही त्यांची रोजची बाब. १८५५ साली सरकारने किनाऱ्यालगतची सुमारे शंभर मैलांची पट्टी मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवली आणि दूरदूरच्या जमातींना हाकलून तिथे आणलं. मग खाडीत कालवं सापडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांना कालवं हवी होती, व्यापारी आले, आणि १८६५ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या आदेशाने खाडीभोवतीचा पट्टाच राखीव जमिनीतून काढून घेतला गेला. दिलेला शब्द दहा वर्षं टिकला. त्यानंतर न्यूपोर्ट उभं राहिलं. आज चाउडरसाठी रांग लावतो, तो धक्का त्याच पट्ट्यावर आहे.

यात मोचा काही दोष नाही, हे उघड आहे. तिने कुणाची जमीन घेतली नाही; दमून आलेल्या माणसांना गरम सूप दिलं. पण ‘१९४६ पासून’ असं अभिमानाने सांगितलं जातं तेव्हा पासून या शब्दाच्या आधी काय होतं, हेही कुणीतरी सांगायला हवं असं मला वाटतं. त्या राखीव पट्टीवरच्या जमातींचे वंशज, म्हणजे सिलेट्झ महासंघ, आजही त्याच परगण्यात आहेत. १९५४ च्या कायद्याने सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून टाकली होती. ती लढून परत मिळवायला १९७७ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत ‘मोज’ची भरभराट होत होती.

मो १९९२ साली गेली. धंदा नातीने वाढवला, मग पणतवंडं आली, किनाऱ्यावर आणखी शाखा निघाल्या. सगळीकडे चव एक राहावी म्हणून चाउडरचा घट्ट मसाला एका जागी बनवून शाखांना पुरवतात. लोक तो विकत घेऊन घरीही नेतात. यावर जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. टिकणाऱ्या गोष्टी सोबत न्यायच्या आणि लागेल तेव्हा पातळ करायच्या, हे तर जहाजावरच्या स्वयंपाक्यापासून चालत आलंय. घरी करायचं झालं तर त्यात दूध घालून मंद आचेवर ठेवायचं, ढवळत राहायचं आणि उकळी येण्याआधी उतरवायचं. नाहीतर दूध फाटतं.